मास्तरांचा निकाल

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळीं अकोल्याच्या जुन्या शहरांत, राजेश्वराच्या देवळापासून जवळच, आम्ही एका शिंपीदादांच्या ओट्यावर बसलों होतों. त्यांच्या नातीला बासष्ट टक्के मिळाले होते, पेढ्याचा पुडा हातोहात फिरत होता. पायमशीन थांबवून, चष्मा कपाळावर चढवून दादांनीं विचारलें, "मास्तर, लेकरायचा निकाल तं लागला. तुमचा कवा लागते?" बसलेली मंडळी हंसली. आम्हीही हंसलों. पण रात्रीं अंथरुणाला पाठ टेकल्यावर तो प्रश्न कांहीं केल्या डोक्यांतून जाईना.

दादांच्या प्रश्नाचें खरें उत्तर असें कीं, आमचा निकाल दरसाल लागतो. फक्त तो आम्हांस कोणी वाचून दाखवीत नाहीं.

शाळेचें वर्ष संपलें कीं प्रत्येक शिक्षकाच्या नांवानें एक कागद भरला जातो. त्याला गोपनीय अहवाल म्हणतात. वर्गावरचें काम, वेळेचें भान, वागणूक, सचोटी अशा रकान्यांपुढें कोणी 'उत्तम' लिहितो, कोणी 'बरें', कोणी 'साधारण'. खाजगी संस्थेच्या शाळेंत हा कागद मुख्याध्यापक लिहितो आणि संस्थेचा मुख्य कार्यकारी अधिकारी त्यावरून नजर फिरवितो. मग तो कपाटांत जातो. शिक्षकाची नोकरी कायम व्हावयाची असो, वरची वेतनश्रेणी मिळावयाची असो कीं त्याला घरीं पाठवावयाचें असो, त्या वेळीं तो कपाटांतून बाहेर येतो.

शेतकरी वाचकांस हें समजावयाला दूर जावें लागत नाहीं. गुरांच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरतो, हें ज्यानें एकदां बैल विकला आहे त्याला सांगावयाची गरज नाहीं. पूर्वीं मालाच्या सौद्यांतही हीच रीत होती. अडत्या आणि खरेदीदार यांचे हात रुमालाखालीं, आणि ज्याचा माल तो बाजूला टाचा उंचावून उभा. वऱ्हाडांत १८९७ सालीं कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, पुढें बाजार समित्या आल्या, उघड लिलाव आले. लिलावांतही लबाडी होते, नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आपल्या कापसाला काय भाव लागला तें निदान मालकाच्या कानावर पडतें. शिक्षकाच्या कामाचा भाव मात्र अजून रुमालाखालींच ठरतो.

कोणी म्हणेल, यांत आमचें काय गेलें? मास्तरला पगार आहे, त्यानें आपलें पाहावें. थोडें थांबा. ज्याचा भाव रुमालाखालीं ठरतो तो माणूस रुमाल धरणाऱ्याकडे पाहून वागतो. मास्तरचें लक्ष फळ्याकडे राहत नाहीं, कार्यालयाच्या दाराकडे राहतें. तुमचें पोर पाढा चुकलें तर त्याला कोणी जाब विचारीत नाहीं. चिटणिसांच्या घरच्या कार्याला तो गेला नाहीं तर विचारतात. तुमच्या पोराचें नुकसान होतें तें येथें.

नवल असें कीं, कायदा आंधळा नाहीं. महाराष्ट्रांत खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ सालीं झाला आणि त्याची नियमावली १९८१ सालीं आली. शिक्षकाला मिळणारा नेमणुकीचा कागद याच नियमावलींत घालून दिलेल्या नमुन्याप्रमाणें असावा लागतो. म्हणजे संस्थेनें वाटेल तो करार लिहून घ्यावा आणि मास्तरनें वाटेल तेथें सही करावी, अशी मोकळीक नाहीं. त्या नियमावलींतला पंधरावा नियम प्रत्येक शिक्षकानें तोंडपाठ करावा अशा योग्यतेचा आहे. त्यांत म्हटलें आहे कीं, अहवालांत प्रतिकूल शेरा असेल तर तो ऑगस्टअखेरपर्यंत त्या कर्मचाऱ्याला लेखी कळविला पाहिजे. अहवाल लिहिलाच नाहीं, किंवा प्रतिकूल शेरा मुदतींत कळविला नाहीं, तर त्या वर्षाचें काम समाधानकारक होतें असें धरलें जातें. आणि जो शिक्षक परीक्षाधीन आहे, त्याच्या कामाची मुख्याध्यापकानें वस्तुनिष्ठ पाहणी केली पाहिजे आणि त्या पाहणीची नोंद ठेवली पाहिजे.

लेखी, मुदतींत, नोंद ठेवून. एवढें जर खरोखर होत असतें, तर या लेखाला कारणच उरलें नसतें.

परंतु त्याच कायद्याचें पांचवें कलम पाहा. परीक्षाधीन शिक्षकाचें काम किंवा वागणूक समाधानकारक नाहीं असें व्यवस्थापनाचें मत झालें, तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन त्याला त्या काळांत केव्हांही काढतां येतें. ही मुदत साधारण शिक्षकाला दोन वर्षें, आणि २००० सालीं निघालेल्या शिक्षण सेवक योजनेंतल्यांना तीन वर्षें. या शिक्षण सेवकांचें मानधन कित्येक वर्षें प्राथमिकला दरमहा ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होतें. १ जानेवारी २०२३ पासून तें १६,०००, १८,००० आणि २०,००० झालें. वाढ झाली हें बरें झालें. पण त्या पूर्वीं गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला जी मजुरी पडे, तेवढीही पदवी घेतलेल्या मास्तरला पडत नव्हती, हें विसरूं नये. अशा माणसाच्या डोक्यावर तीन वर्षें 'व्यवस्थापनाचें मत' टांगलेलें असतें. पंधराव्या नियमांतली नोंद त्याच्या रक्षणासाठीं आहे, परंतु त्याला ती मागण्याची छाती होत नाहीं. ज्याला कायम व्हावयाचें आहे तो, कायम करणाऱ्याकडे कागद कसा मागणार?

कायदा करणाऱ्यांनाही संस्थांच्या कारभाराची ओळख नव्हती असें नाहीं. राजीनामा द्यावयाचा तर दोन प्रती काढून, दोहोंवर सही करून, तारीख घालून, एक प्रत रजिस्टर टपालानें संस्थेकडे पाठवावी असें सातव्या कलमांत लिहून ठेवलें आहे. असें लिहिण्याची वेळ कां आली असेल? तारीख नसलेल्या राजीनाम्यावर नेमणुकीच्या दिवशींच सही घेऊन ठेवण्याची चाल ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना याचें उत्तर ठाऊक आहे.

आमचीच गोष्ट सांगतों. संस्थेचें नांव घेत नाहीं. बारा वर्षें सेवा झाली कीं शिक्षकाला वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते. आमचीं बारा वर्षें भरलीं, प्रकरण तयार झालें, आणि लिपिकानें हळूच सांगितलें कीं, पांच वर्षांमागच्या एका अहवालांत 'साधारण' असा शेरा असून त्याखालीं 'सुधारणा आवश्यक' असें लिहिलें आहे. पांच वर्षें तो कागद कपाटांत होता आणि आम्हांस त्याचा वाससुद्धां नव्हता. त्या सालीं आम्हीं काय केलें होतें? आठवून पाहिलें. चौथीचा वर्ग होता, पावसाळ्यांत छत गळत होतें म्हणून दोन महिने मारुतीच्या पारावर शाळा भरविली होती. आणखी एक गोष्ट आठवली. त्याच सालीं संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याचे मेहुणे सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते, आणि सुटीच्या दिवशीं त्यांच्यासाठीं गांवोगांव हिंडावयाला आम्हीं नकार दिला होता. या दोन गोष्टींचा संबंध आहे असें आम्ही शपथेवर सांगूं शकत नाहीं. संबंध नाहीं असेंही आम्हांस कोणी दाखवूं शकत नाहीं. कारण त्या वर्षीं आमच्या वर्गावर कोणी आलेंच नव्हतें. पंधरावा नियम दाखवून अर्ज केला, शेरा गळाला, श्रेणी मिळाली. पण फाइलीमागें वर्षभर चपला झिजल्या. आम्हांला नियम माहीत होता म्हणून हें झालें. आमच्याबरोबरच्या एका बाईंना माहीत नव्हता. त्या दुसऱ्याच वर्षीं महिन्याचा पगार हातांत घेऊन घरीं गेल्या. अशा माणसाला तीस दिवसांच्या आंत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करतां येतें आणि आपल्या वऱ्हाडासाठीं अमरावतीला तें न्यायाधिकरण आहे, हें त्यांना समजलें तेव्हां तीस दिवस होऊन गेले होते.

नुसत्या प्रतिकूल शेऱ्यानेंच माणूस मरतो असेंही नाहीं. सर्वोच्च न्यायालयांत २००८ सालीं देवदत्त नांवाच्या एका अभियंत्याचा खटला चालला. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्यांतला हा माणूस. त्याच्या अहवालांत एके वर्षीं 'चांगला' असा शेरा होता. वाईट नव्हे, चांगला! पण बढतीला 'फार चांगला' लागत होता, म्हणून बढती हुकली. आणि शेरा प्रतिकूल नाहीं म्हणून तो त्याला कळविलाही नव्हता. न्यायालयानें सांगितलें कीं, शेरा कोणताही असो, सरकारी नोकराला तो कळविलाच पाहिजे, म्हणजे त्याला आपलें म्हणणें मांडतां येईल. आमच्या खाजगी शाळांच्या नियमांत फक्त प्रतिकूल शेरा कळविण्याचें बंधन आहे. तें वाढवून सगळाच अहवाल शिक्षकाच्या हातीं द्यावा, ही मागणी आमच्या संघटनांनीं मोर्चाच्या फलकावर अजून मोठ्या अक्षरांत लिहिलेली आम्हीं पाहिली नाहीं. बदल्या आणि वेतन आयोग यांपुढें त्यांना उसंत मिळत नसावी.

येथें कोणी असा समज करून घेऊं नये कीं, मास्तरची परीक्षाच नको असें आमचें म्हणणें आहे. मुळींच नाहीं. पांचवीतलें पोर दुसरीचा धडा अडखळत वाचतें आणि त्याचा मास्तर 'उत्तम' शेऱ्यावर निवृत्त होतो, हेंही आम्हीं याच डोळ्यांनीं पाहिलें आहे. सावकाराच्या पोराला शिकवणी लावतां येते. मजुराच्या, सुताराच्या, कुणब्याच्या पोराला शाळेंत जें मिळेल तेवढेंच. म्हणून वाईट मास्तरचा फटका पहिल्यानें आपल्याच घरांना बसतो. वाईट मास्तर पकडला गेलाच पाहिजे. फक्त तो वर्गांत पकडावा, कपाटांत नव्हे.

जोतिराव फुल्यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर कमिशनला जें निवेदन दिलें, त्यांत मुलांच्या शिक्षणाइतकीच मास्तरची चौकशी आहे. शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतून तयार करावे, त्यांना शिक्षण देऊन प्रमाणपत्र द्यावें, पगार निदान बारा रुपये आणि मोठ्या गांवीं पंधरा ते वीस असावा, असें त्यांनीं मागितलें. आणि तपासणीविषयीं तर फार परखड लिहिलें. डिपुटी इन्स्पेक्टर वर्षांतून एकदां येऊन जातो त्याचा कांहीं उपयोग नाहीं. शाळा निदान दर तीन महिन्यांनीं तपासली पाहिजे, आणि मधून मधून न कळवितांही जावें. ज्या गांवच्या मास्तरचीं पुष्कळ मुलें उत्तीर्ण होतील त्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता द्यावा, असेंही त्यांनीं सुचविलें. 'पगाराशिवाय' हा शब्द महत्त्वाचा. जोतिरावांनीं बक्षीस मागितलें, पण भाकरी पणाला लावली नाहीं.

भाकरी पणाला लावण्याचा प्रयोगही त्या काळीं झालेला आहे. विलायतेंत १८६२ सालीं नियम निघाला कीं, इन्स्पेक्टरपुढें जेवढीं पोरें वाचन, लेखन, गणितांत पास होतील त्या मानानें शाळेला पैसा मिळेल. तीच रीत पुढें हिंदुस्थानांतही आली. परिणाम काय झाला? मास्तर लोक पुस्तकच पोरांकडून घोकून घेऊं लागले. अशक्त पोरावर वेळ घालविणें तोट्याचें ठरलें. अखेर १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावांत हिंदुस्थान सरकारनें ही पद्धत सोडावयाचें ठरविलें. चाळीस वर्षें गेलीं तेव्हां हें शहाणपण आलें.

तें शहाणपण टिकलें म्हणावें, तर २३ ऑक्टोबर २०१७ चा आपल्या राज्याचा शासन निर्णय आठवतो. बारा आणि चोवीस वर्षांनंतर मिळणाऱ्या वेतनश्रेण्यांना अट घातली कीं, शाळा सिद्धींत शाळा 'अ' श्रेणींत असावी आणि माध्यमिक शाळेचा नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर असावा. अहो, शाळा सिद्धींत भिंती, पाणी, संडास, मैदान यांचेही गुण असतात! छत संस्थेनें घालावयाचें, संडास बांधावयाला पैसा दुसऱ्यानें द्यावयाचा, आणि श्रेणी अडवावयाची मास्तरची. ज्या शाळेंत सुगीच्या दिवसांत अर्धीं पोरें कापूस वेंचावयाला जातात आणि ज्या शाळेच्या दारांत मोटारी उभ्या राहतात, त्या दोहोंना एकच ८० चा आंकडा. चांगला मास्तर मग गरिबांच्या शाळेंत कां थांबेल? ओरड झाली आणि २०१९ सालीं या अटी मागें घेण्यांत आल्या. तथापि अशा अटी पुन्हां यावयाला वेळ लागत नाहीं. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, ज्यांची नोकरी पांच वर्षांहून अधिक उरली आहे अशा पहिली ते आठवीच्या शिक्षकांनीं दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावें. द्यावी परीक्षा, ज्यानें आयुष्यभर पोरांच्या परीक्षा घेतल्या त्यानें एका परीक्षेला भ्यावें हें शोभत नाहीं. पण त्या पेपरांत मास्तरला काय येतें तें दिसेल, तो वर्गांत काय करतो तें दिसणार नाहीं. लोहाराला पोलाद ओळखतां येतें कीं नाहीं याची परीक्षा वेगळी, आणि त्याचा फाळ जमिनींत चालतो कीं नाहीं ही वेगळी.

आतां थोडें कडू बोलतों. जुन्या काळीं शाळेंतला अधिकारी वरच्या जातीचा, म्हणून आपल्या मास्तरला न्याय नाहीं, अशी आपली तक्रार होती आणि ती खरी होती. आज वऱ्हाडांतल्या कितीतरी संस्था बहुजन समाजाच्या माणसांनीं, घरोघर धान्य आणि रुपया गोळा करून उभ्या केलेल्या आहेत. त्यांच्या कचेऱ्यांत जोतिरावांच्या तसबिरीला हार असतो. त्याच तसबिरीखालच्या कपाटांत आपल्याच मास्तरांचे न दाखविलेले शेरे पडलेले असतात. तसबिरीला रोजचा हार चुकत नाहीं; ऑगस्टअखेरचा कागद मात्र चुकतो. परक्यानें केलें तर जुलूम आणि आपल्यानें केलें तर शिस्त, हा हिशेब आम्हांस पटत नाहीं.

मग करावें काय? आमचें म्हणणें मोठें नाहीं. मुख्याध्यापकानें जोतिरावांच्या हिशेबानें तीन महिन्यांतून एकदां वर्गांत मागच्या बाकावर बसावें, घंटा संपेपर्यंत बसावें, आणि जें पाहिलें तें लिहून त्याची नक्कल त्याच दिवशीं मास्तरच्या हातीं द्यावी. मास्तरला जें पटणार नाहीं तें त्यानें त्याच कागदावर खालीं लिहावें. वर्षअखेरचा अहवाल या कागदांवरूनच भरावा. आणि त्या कागदावर एक रकाना असाही असावा कीं, या तीन महिन्यांत मास्तर किती दिवस वर्गाबाहेरच्या कामावर होता. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक एवढींच बिगरशैक्षणिक कामें शिक्षकाला सांगावयाची मुभा ठेवली आहे. पण तेवढ्यांतही वर्गाचे किती दिवस जातात तें पोरांच्या बापाला कळूं द्या. वर्ग बंद ठेवून मतदारयादी केली आणि वर्षअखेर शेरा पडला 'अध्यापन साधारण', असें होऊं नये.

याच २००९ च्या कायद्यानें पालकांच्याही हातांत कांहीं दिलें आहे. शाळा व्यवस्थापन समितींत चारांतले तीन सभासद मुलांचे आईबाप असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख करणें हें त्या समितीचें काम आहे. अनुदानित खाजगी शाळेंत ती फक्त सल्ला देते, पण सल्ल्यालाही तोंड लागतें. आमचा अनुभव असा कीं, सभेच्या दिवशीं सह्या होतात, चहा होतो आणि मंडळी कामाला लागते. पुढच्या सभेला आपल्या पोराची वही घेऊन जा. वाचतां येत नसलें तरी हरकत नाहीं. पोराला सगळ्यांसमोर एक पान वाचावयाला सांगा आणि कान द्या. अडखळलें तर मास्तरला विचारा, आणि मास्तरनें सांगितलें कीं, साहेब तीन वर्षांत वर्गावर फिरकले नाहींत, तर तेंही इतिवृत्तांत लिहून घ्या.

शिक्षकबंधूंस आणि भगिनींस एक सांगावयाचें राहिलें. नेमणुकीच्या कागदाची नक्कल घरीं ठेवा. संस्थेच्या कपाटांतली ती तुमची नव्हे. ऑगस्ट संपण्यापूर्वीं मुख्याध्यापकांस दोन ओळींचा अर्ज द्या: गेल्या वर्षाच्या माझ्या अहवालांत प्रतिकूल शेरा असल्यास नियम १५ प्रमाणें लेखी कळवावा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. जे शिक्षण सेवक आहेत त्यांना एकट्यानें जावयाची भीति वाटेल. त्यांनीं एखाद्या जुन्या मास्तरला बरोबर न्यावें. जुन्या शहरांत आमचें घर शोधणें अवघड नाहीं. शिंपीदादांच्या ओट्यावर विचारलें तरी पत्ता मिळेल, आणि दादांनीं त्यांचा जुना प्रश्न पुन्हां विचारला तर या वेळीं त्यांना तो पोचेचा कागद दाखवावा.